मासिक सभेतली पाहुण्यांची व्याख्यानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं मंडळ ठाण्यात, नौपाड्यात. सभासद बहुतेक साठीच्या आसपासचे, पण वयाची अट नाही. महिन्यातून एकदा सभा होते आणि दर सभेला एक पाहुणे वक्ते येतात. व्याख्यानांचं काम गेली सात वर्षं माझ्याकडे आहे. या काळात सभासदांनी, येऊ पाहणाऱ्या वक्त्यांनी आणि शेजारच्या मंडळांनी फोनवर, जिन्यात, भाजी घेताना जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. आधी सभासदांचे प्रश्न आहेत, मग वक्त्यांचे.

सभा कधी आणि कुठे असते?

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉलला पायऱ्या नाहीत, त्यामुळे व्हीलचेअर थेट आत येते. साडेपाच म्हणजे साडेपाच. पाच-पंचविसाला माईक तपासून झालेला असतो आणि साडेपाचला दार लोटून घेतो. उशीर झाला तरी या, मागच्या दाराने या, शेवटच्या दोन रांगा त्यासाठीच मोकळ्या ठेवलेल्या असतात.

पूर्वी सभा रविवारी असायची. शनिवार का केला?

मेगाब्लॉकमुळे. रविवारी दुपारी मध्य रेल्वेवर कुठे ना कुठे ब्लॉक असतोच आणि बरेचदा ट्रान्स हार्बरवरही असतो. डोंबिवलीहून किंवा वाशीहून येणारा वक्ता स्टेशनवर अडकायचा, आम्ही हॉलमध्ये घड्याळाकडे बघत बसायचो. लग्नं, बारशी, मुंजी यांची आमंत्रणंही रविवारचीच असतात. शनिवार केल्यापासून हजेरी वाढली. ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांना शनिवारी यायला धावपळ होते हे खरं आहे, पण सगळ्यांना सोयीचा असा वार आम्हाला सापडला नाही.

मी सभासद नाही. व्याख्यान ऐकायला आलं तर चालेल का?

चालेल. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. सोबत नातवंडं आली तरी चालतील, मात्र ती कंटाळली तर त्यांना बाहेर पटांगणात घेऊन जायला एक मोठं माणूस बरोबर हवं.

विषय कोण ठरवतं?

सभासद सुचवतात आणि तीन जणांची समिती निवडते. हॉलच्या दाराशी एक वही असते. तिच्यात कुणीही विषय लिहावा, नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही ती वही घेऊन बसतो. निवडताना एवढंच पाहतो की लागोपाठ दोन महिने एकाच धाटणीचा विषय नको. एका वर्षी ओळीने मधुमेह, गुडघे, मोतीबिंदू आणि हृदय असे चार डॉक्टर बोलावले. चारही उत्तम बोलले, पण चौथ्या सभेला एक आजी मला म्हणाल्या, "अगं, दवाखान्यातून सुटका म्हणून मी इथे येते." तेव्हापासून आरोग्याचे विषय वर्षाला दोन किंवा तीनच.

कोणते विषय रंगतात?

ज्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी धागा आहे आणि जे वक्त्याने स्वतःच्या हाताने केलेलं आहे, ते. एवढं मी सात वर्षांच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकते. "भारतीय संस्कृती आणि आधुनिक जीवन" असा भलामोठा विषय घेतला की वक्ता कुठेही फिरतो आणि श्रोता कुठेच पोचत नाही.

ठाण्यात तर विषय पावलोपावली पडलेले आहेत. मध्यवर्ती कारागृहासमोरून आपण रिक्षाने शेकडो वेळा जातो. ती भिंत म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला आहे, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, आणि पुढे त्याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं गेलं. इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने हे सगळं फक्त "ही भिंत" एवढ्या विषयावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमचे तीन सभासद मुद्दाम तिथून चालत गेले.

खाडीवरचं व्याख्यानही असंच झालं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ ची आणि रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, खाडीचं नाव आलं २०२२ मध्ये, हे पेपरात वाचलेलं असतं. पण पक्ष्यांना गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळातल्या रंगद्रव्यातून मिळतो, पिल्लं करड्या रंगाची असतात, आणि ऐरोलीहून बोटीने जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते, हे तिथे रोज दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाकडून ऐकण्यात वेगळीच गोडी असते.

कायदा आणि पैसा हे विषय रुक्ष वाटतात, पण त्यांना गर्दी सर्वात जास्त. मृत्युपत्राच्या व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या होत्या. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच आणि ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांनाच साक्षीदार करू नये, इतकं समजलं तरी कितीतरी जणांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे" हे वाक्य तर त्या दिवशी वकीलबाईंना चार वेळा सांगावं लागलं. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम गल्लोगल्ली चालू असल्याने पुनर्विकासाचा विषयही दर वर्षी कुणीतरी वहीत लिहितंच.

राजकारण आणि धर्म यांवर व्याख्यानं का ठेवत नाही?

या विषयांवर आमच्यात मतं नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण आम्ही एका गल्लीतली माणसं आहोत, रात्री दुखायला लागलं तर एकमेकांची बेल वाजवणारी. ते नातं आम्हाला जास्त मोलाचं आहे. निवडणूक जवळ आली की कुठल्याच पक्षाच्या उमेदवाराला किंवा पदाधिकाऱ्याला, मग तो आपला शेजारी का असेना, व्यासपीठावर बोलवत नाही. संतसाहित्यावर, मंदिरांच्या बांधणीवर, सणांच्या खाण्यावर व्याख्यानं होतात आणि छान होतात.

माझ्या ओळखीचे एक जण विम्यावर किंवा आरोग्याच्या उत्पादनांवर फुकट बोलायला तयार आहेत. बोलवूया का?

ते काय विकतात हे आधी विचारा. विकत असतील तर नको.

हे मी कडकपणे लिहिते आहे कारण एकदा फसलो आहोत. "सांधेदुखी आणि आहार" असा विषय होता. वक्ते गोड बोलले, शेवटी सगळ्यांची "मोफत तपासणीसाठी" म्हणून नावं आणि फोन नंबर एका कागदावर लिहून घेतले. मी थांबवायला हवं होतं, तो कागद मीच रांगेतून पुढे सरकवला. पुढचे पंधरा दिवस सभासदांना फोन येत राहिले आणि आमच्यातल्या एका एकट्या राहणाऱ्या आजींनी पेन्शनमधून बऱ्यापैकी रक्कम भरून डबे घेतले. त्यांनी हे मला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही खाली मान घालून.

आता नियम लेखी आहे. हॉलमध्ये माहितीपत्रकं वाटायची नाहीत, नंबर गोळा करायचे नाहीत, व्हिजिटिंग कार्डही ठेवायचं नाही. सभासदांची यादी मंडळाबाहेर कुणालाही मिळत नाही. विमा, गुंतवणूक, श्रवणयंत्रं हे विषय आम्ही घेतो, पण त्यातलं काही विकत नसलेल्या माणसाकडून.

सायबर फसवणुकीचं व्याख्यान मात्र दर वर्षी एकदा ठेवतोच, तेच तेच झालं तरी. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हे तीन मुद्दे शेवटी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

पाहुण्यांचा परिचय दोनच मिनिटांत का उरकता? त्यांचा अपमान नाही का होत?

हा प्रश्न जुने सभासद अजून विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

सहा वर्षांपूर्वी एक निवृत्त स्टेशनमास्तर आले होते. उभी हयात एकेरी मार्गावरच्या छोट्या स्टेशनांवर काढलेला माणूस. त्या दिवशी दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, महिन्यातल्या वाढदिवसांचे गुच्छ झाले, अध्यक्षांचं मनोगत झालं, सहलीचा हिशेब वाचला गेला. मग मी परिचय करून दिला. दीड पान होता, त्यांची सगळी बदलीची ठिकाणं त्यात होती. पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा पन्नास मिनिटं उलटून गेली होती आणि हॉल लवकरच रिकामा करून द्यायचा होता. त्यांनी घाईघाईने वीस मिनिटांत आटोपलं. प्रश्न झालेच नाहीत.

खुर्च्या आवरताना माझं लक्ष गेलं, ते दाराशी उभे होते आणि त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून वेताची एक मोठी रिंग डोकावत होती, तिला खाली चामड्याची छोटी थैली शिवलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "टोकनची रिंग. दाखवायला आणली होती, राहून गेलं." मग तिथे दारातच त्यांनी आम्हा पाच-सहा जणांना समजावून दिलं. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ असतो. दोन्हीकडची यंत्रं विजेने एकमेकांना अशी बांधलेली असतात की एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं. ते टोकन या थैलीत घालायचं. धावत्या गाडीच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून रिंग दंडात अडकवून घ्यायची. टोकन हातात नसेल तर त्याने पुढच्या टप्प्यात गाडी घालायचीच नाही, म्हणजे समोरून दुसरी गाडी येणं शक्यच नाही. पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात ही रिंग उंच धरून ते उभे राहायचे. रिंग घेताना दंडाला बसणारा फटका कसा असतो हे त्यांनी माझ्या हातावर हलकेच मारून दाखवलं. चामड्याला तेलाचा आणि कोळशाचा वास येत होता अजून.

साठ माणसं मुकली त्याला. मला रात्रभर झोप आली नाही.

दोन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं, मुद्दाम एप्रिलमध्ये, कारण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या ठाण्यातच येऊन थांबली होती. परिचय तीन वाक्यांचा केला. रिंग पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरली आणि जवळजवळ प्रत्येकाने ती दंडात अडकवून पाहिली. प्रश्न पस्तीस मिनिटं चालले.

तेव्हापासून परिचय दोन मिनिटांचा. त्यात वक्ता कोण, आजच्या विषयाशी त्याचा संबंध काय, एवढंच सांगायचं. पदव्या, पुरस्कार, बदल्या हे सगळं सभेच्या आधी सूचनेसोबत सगळ्यांना पाठवतो. पाहुण्यांचा मान त्यांना पूर्ण वेळ देण्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

शाल-श्रीफळ का बंद केलं?

शाली घरात ठेवायला जागा नाही असं वक्तेच सांगायला लागले. त्याऐवजी पुस्तक देतो. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे, अशा गावात पुस्तक देणं शोभतंही. नारळ मात्र देतो. एका सभासदांचा आग्रह होता आणि तो मोडावासा वाटला नाही.

मंडळाचं कामकाज शेवटी आणि चहा त्याच्याही नंतर, असं का?

सहल, वर्गणी, ठराव यांत पाहुण्यांना काहीही घेणं-देणं नसतं. त्यांना ते ऐकवत बसवणं योग्य नाही. म्हणून आधी व्याख्यान, मग कामकाज. पण कामकाज शेवटी ठेवलं की माणसं उठून जातात, म्हणून चहा आणि वडा सर्वांत शेवटी. पाहुण्यांना थांबायचं नसेल तर त्यांचा चहा आतल्या खोलीत वेगळा होतो आणि कुणीतरी त्यांना रिक्षापर्यंत सोडून येतं. संकष्टी त्या दिवशी आली तर साबुदाण्याची खिचडीही असते.

मागे बसलं की ऐकू येत नाही. काय करायचं?

आमच्या हॉलमधली ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि हिच्यावर आम्ही जितके कष्ट घेतले तितके कशावरच घेतले नसतील.

वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ, थ अशी व्यंजनं पुसट होतात. माणूस बोलतो आहे हे कळतं, पण काय बोलतो आहे ते कळत नाही. नुसता आवाज वाढवून ते भरून निघत नाही, उलट हॉल घुमायला लागतो. आम्ही जे बदल केले ते साधे आहेत. व्याख्यान चालू असताना व्यासपीठाजवळचे दोन पंखे बंद ठेवतो, कारण त्यांची घरघर माईकमध्ये शिरते. कॉलर माईक आणला, म्हणजे वक्त्याने मान वळवली तरी आवाज जात नाही. साधा माईक असेल तर तो हनुवटीपासून चार बोटांवर धरायला सांगतो. बऱ्याच जणांना माईक पोटाशी धरायची सवय असते. वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा लावतो, कारण ऐकू कमी येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. खिडकीकडे पाठ करून वक्त्याला उभं करू नये, चेहरा काळा दिसतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे श्रोत्याने विचारलेला प्रश्न सूत्रसंचालकाने माईकवर पुन्हा वाचायचा. हे नाही केलं तर साठ माणसांना उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न फक्त पहिल्या रांगेला.

पुढच्या दोन रांगा श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी राखीव आहेत. तिथे बसायला संकोच करू नका.

प्रश्न विचारायला भीती वाटते. काय करू?

चिठ्ठी लिहा. खुर्चीवर कागद आणि पेन्सिल ठेवलेली असते. व्याख्यान संपता संपता डबा फिरवतो. नाव लिहू नका.

हा डबा सुरू केल्यापासून जे प्रश्न येतात ते उभं राहून कुणी कधीच विचारले नसते. नेत्रदानाच्या व्याख्यानाच्या दिवशी एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "मला डोळे द्यायचे आहेत. मुलगा नको म्हणतो. त्याला कसं सांगू?" डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या की मुलाला आत्ताच सांगा, कारण नंतर निर्णय त्यालाच घ्यावा लागतो, आणि तोही सहा तासांच्या आत. मग त्यांनी त्या सहा तासांत घरच्यांनी काय करायचं ते सांगितलं. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घालून डोकं थोडं उंच ठेवायचं, आणि नेत्रपेढीला फोन करायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, मधुमेह असो, चष्मा असो, तरी डोळे देता येतात. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

काही जण प्रश्नाऐवजी भाषणच करतात. त्यांना थांबवत का नाही?

थांबवतो. एका मिनिटाने सूत्रसंचालक हात वर करतो. प्रश्नांसाठी पंचवीस मिनिटं राखलेली असतात आणि वक्त्याने जास्त वेळ घेतला तरी त्यांना धक्का लावत नाही. आपल्या आयुष्याचा अनुभव सांगावासा वाटणं स्वाभाविक आहे, त्यासाठी जानेवारीत तिळगुळाच्या सभेला पाहुणे न बोलावता सभासदांनीच बोलायचं असतं. तिथे सांगा, आम्ही आवडीने ऐकतो. डॉक्टर आले असतील तर स्वतःचे रिपोर्ट हॉलमध्ये दाखवू नका, एवढी विनंती.

व्याख्यानाचं रेकॉर्डिंग मिळतं का?

वक्त्याने आधी होकार दिला असेल तरच आवाजाचं रेकॉर्डिंग करतो, आणि ते आजारपणामुळे येऊ न शकलेल्या सभासदांना पाठवतो. प्रश्नोत्तरांचं रेकॉर्डिंग कधीही करत नाही. माणसं घरातल्या गोष्टी विचारतात.

*इथून पुढे वक्त्यांसाठी*

मला किती वेळ मिळेल?

बोलायला चाळीस मिनिटं, प्रश्नांना पंचवीस. पस्तिसाव्या मिनिटाला समोर बसलेला कार्यकर्ता पिवळा कागद दाखवतो. तासाभराची तयारी करून आलात तर शेवटचा, बहुधा सगळ्यांत चांगला, भाग गुंडाळावा लागतो. म्हणून सर्वांत सांगण्यासारखी गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाका.

विषय मोठा आहे. कापायचं काय?

पार्श्वभूमी कापा. "मानवी जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे" हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कामातला एखादा दिवस, एखादी चूक, एखादी वस्तू घेऊन सुरुवात करा. वस्तू हातात घेऊन येता आली तर नक्की आणा. बियाणं, नकाशा, जुनं बिल, अवजार, काहीही. फिरवून परत देण्याची जबाबदारी आमची.

मी काही वक्ता नाही. साधं काम करतो. मला बोलावून काय मिळणार?

आमची सगळ्यांत जास्त आठवणीत राहिलेली सभा चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींची आहे. त्यांनी आधी तीनदा नाही म्हटलं. मग आम्ही भाषण ठेवलंच नाही, गप्पा ठेवल्या. मी प्रश्न विचारायचे, त्या सांगायच्या. टोपलीत चार मासे घेऊन आल्या होत्या. कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला, बोटाने दाबून मांस परत वर येतं की नाही ते दाखवलं, डोळा आत गेलेला मासा आणि फुगीर डोळ्यांचा मासा शेजारी शेजारी ठेवला. जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा बाजारात येणारी पापलेटं कुठली असतात, हेही सांगितलं. आणि मग खाडीवर आल्या. लहानपणी चिखलातून हाताने निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, कशा पकडायचे, बोटं बिळात घालताना चिंबोरी आहे की निवटी हे कसं ओळखायचं. आता निवट्या कमी का झाल्या हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. त्या दिवशी शाकाहारी सभासदही जागचे हलले नाहीत.

तेव्हा बोलता येत नाही ही अडचण मानू नका. आपल्यासोबत बसून प्रश्न विचारणारं माणूस आम्ही देऊ आणि आदल्या आठवड्यात घरी येऊन एकदा बोलूनही जाऊ.

स्लाईड दाखवल्या तर चालतील का?

चालतील, पण वीसच्या आत ठेवा आणि अक्षर मोठं ठेवा. फाईल पीडीएफ करून दोन दिवस आधी पाठवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी आमच्या लॅपटॉपवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, आणि ते ऐनवेळी दुरुस्त होत नाही. स्वतःचा लॅपटॉप आणणार असाल तर त्याला एचडीएमआयची जागा आहे का पाहा, नसेल तर आधी सांगा, जोडणी आमच्याकडे आहे. पडद्याकडे तोंड करून वाचू नका, मागच्यांना ओठ दिसत नाहीत. वीज गेली तरी पुढे बोलता येईल इतकी तयारी असू द्या.

मानधन मिळतं का?

मिळतं, थोडं. सगळ्यांना एकच रक्कम, डॉक्टर असोत की मासळी विकणाऱ्या मावशी. प्रवासखर्च वेगळा. पाकीट सभेच्या आधी आतल्या खोलीत देतो, सगळ्यांसमोर नाही. काही जण ती रक्कम मंडळाला परत देतात. ते प्रेमाने घेतो, पण पाकीट आधी प्रत्येकाच्या हातात पडायलाच हवं. फुकट बोलावलेल्या माणसाला आपण वेळेबद्दल, तयारीबद्दल काही सांगू शकत नाही आणि त्याच्या श्रमाची किंमतही विसरतो.

हॉलवर पोचायचं कसं?

ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरा. सामान नसेल तर गोखले रोडने चालत या, संध्याकाळी रिक्षापेक्षा तेच लवकर होतं. घोडबंदर रोडवरून गाडीने येत असाल तर शनिवार संध्याकाळचा कापूरबावडी आणि तीन हात नाका धरून तासभर जास्त ठेवा. गाडी लावायला जागा नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्या वक्त्यांना आणायला आणि सोडायला आमचा माणूस येतो, हे न विचारताही होतं.

ऐनवेळी येणं जमलं नाही तर?

कळवा, अगदी तासभर आधी असलं तरी कळवा. जुलैच्या पावसात रूळांवर पाणी आलं की कुणाचाच इलाज नसतो. अशा दिवसासाठी मंडळातल्याच दोन सभासदांची व्याख्यानं कायम तयार असतात. त्यातलं एक मृदंग कसा बांधतात यावरचं आहे आणि ते इतकं छान आहे की पाऊस पडावा असं काही जणांना वाटतं.

आमच्या मंडळात असंच सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

मोठ्या नावापासून करू नका. आधी आपल्याच इमारतींत कोण काय करत होतं याची यादी करा. आमच्या दोन गल्ल्यांत बॉयलर इन्स्पेक्टर, नर्स, छापखान्यातले जुळारी, टेलिफोन एक्सचेंजमधल्या ऑपरेटर, शिंपी, वनखात्यातले कारकून असे सगळे निघाले. पहिले आठ महिने त्यांनीच भरून काढले.

विषय किंवा वक्ता सुचवायचा आहे. वहीपर्यंत येणं होत नाही.

कुठल्याही सभासदाकडे निरोप द्या, तो लिहील. सध्या वहीत तीन विषय वक्त्यांची वाट बघताहेत. एक, येऊरच्या पाड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या रानभाज्या, तिथल्याच बाईंच्या तोंडून. दोन, रात्रपाळीत एकशे आठची रुग्णवाहिका चालवणारा माणूस. तीन, पियानो आणि पेटी दोन्ही दुरुस्त करणारा कारागीर. शेवटचा विषय दोन वर्षांपासून लिहिलेला आहे, पेन्सिलीने, आणि लिहिणारे काका दर सभेला येऊन वहीत बघून जातात. ओळखीचं कुणी असेल तर जरूर कळवा.